मालिकेतला दुसरा नवरा

शहापूरहून मुरबाडला जाताना मी नेहमी एका भजीवाल्या मावशींच्या टपरीवर थांबतो. नाव कधी विचारलं नाही. त्या हातातला झारा छडीसारखा नाचवतात आणि भजी तळता तळता मोबाइलवर एक जुनी विनोदी मालिका पुन्हा पुन्हा बघतात.

त्या मालिकेत नवऱ्याचं काम आधी एका नटानं केलं, मग मधूनच दुसऱ्यानं. परवा मी मुद्दाम काडी टाकली, "मावशी, पहिला बरा की दुसरा?"

"दुसरा कोन?"

"अहो, नट बदलला ना!"

झारा हवेतच थांबला. "काय सांगता भाऊ! मला वाटलं, आजारातून उठला म्हनून बारीक दिसतो."

माझ्यासोबतच्या दोघा मित्रांची लगेच जुंपली. एक म्हणे पहिल्याची ऐट न्यारी, दुसरा म्हणे दुसऱ्याचं रडणंसुद्धा हसवतं. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मंग पयला गेला कुटं? आन बायकोनं इचारलं पन नाय? त्याच कपात च्या दिला?"

मी गोंधळलो. खरंच, मालिकेत कुणीच विचारलं नव्हतं.

मागे त्यांचे यजमान कांदा चिरत होते. यंदा वीटभट्टीवरून परतले ते मिशी काढून, निम्मे होऊन आणि गप्प. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. भजी करपली.

"अवो, तुमी पयल्यासारकं भांडत का नाय आता?"

त्यांनी मान वर केली. "तू इचारलंस कुटं, काय झालं म्हनून?"

मावशींनी गॅस बंद केला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. करपलेली भजी खाताना मित्रांनी मला विचारलं, कोणता बरा? मी म्हटलं, "आधी पहिला कुठं गेला ते विचारा."