सँडलचं बक्कल

सोसायटीतल्या मैत्रिणींनो, जिन्याखालच्या फळ्यावर हे लावतेय. टीव्ही सुरू व्हायच्या आत वाचा.

आज तळमजल्यावरच्या आपल्या मॉन्टेसरीत चार वर्षांची एक मुलगी सुटायच्या वेळी सँडलच्या बक्कलाशी झगडत होती. कुणाची ते विचारू नका. मी तिची बाई, तिचं तिला जमू दे म्हणून हात मागे बांधून उभी. शेवटी एका पायाचं लागलं आणि ती माझ्याकडे बघून हसली.

तेवढ्यात आई आली. "बाई, आजही पाटी कोरीच? घाटकोपरच्या शाळेत इंटरव्ह्यू आहे हिचा." बोलता बोलता ती खाली बसली, ते बक्कल सोडलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

मुलीने दुसरा पाय आईपुढे केला.

दमले गं मी. सांगा ना, उद्या मी "तूच लाव" म्हटलं, तर तिने का लावावं?