जिवलीचा फोटो

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाय. पण हे सगळं सांगायचं तर 'हे, हे' करून किती वेळ चालणार? तर नाव कोंडू. किन्हवलीला एस्टी स्टँडासमोर 'देवकी फोटो' म्हणून दुकान हाय ना, तिथला फोटोवाला. देवकी म्हणजे मी. दुकानाला बायकोचं नाव दिलं की बायको गप्प बसेल, असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

लग्नाचे फोटो आता ज्याचे तो मोबाइलवर काढतो. आमच्याकडं येतात ते शाळेच्या फॉर्मचे फोटो, आणि मेलेल्या माणसांचे. म्हणजे घरात कोणी गेलं की लोक आधारकार्डावरला नायतर वरातीच्या फोटोतला अंगठ्याएवढा चेहरा घेऊन येतात. हे तो मोठा करतात, डोळे नीट करतात, अंगात कोट चढवतात. जन्मभर ज्यानं सदऱ्याची बटणं लावली नाय तो भिंतीवर साहेब होऊन बसतो. घरच्यांना बरं वाटतं.

पण ह्यांचा जीव त्या कामात कधीच नव्हता. ह्यांचा जीव पडक्या घरांत. रविवार उजाडला की मोटारसायकलला कॅमेऱ्याचा स्टँड बांधायचा आणि निघायचं. मुरबाडच्या बाजूची बंद पडलेली भातगिरणी, कसाऱ्याकडं छप्पर उडालेली कुणाची खोली, गंजलेली कुलपं, वाळवीनं खाल्लेली बैलगाडीची चाकं. संध्याकाळी अंगभर कुसळं घेऊन घरी. मी बोलायची, "अहो, एकदा बायकोचा पण काढा की फोटो." तर बोलायचे, "तू आधी पडकी हो, मग काढतो." असा माणूस!

ह्यांचे नियम दोन. पडक्या घराच्या फोटोत जितं माणूस येऊ द्यायचं नाय. आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक द्यायची, "घरात कोण हाय का?" मग थांबायचं. चुलीपुढची बाई हात पुसून बाहेर येईल एवढा वेळ. कोणी आलं नाय की पहिला फोटो रिकाम्या दाराचा, मग बाकीचे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आणि आतून कोणी ओ दिली तर?" हसले नाय. बोलले, "तर फोटो काढायचा नाय. पाहुण्यानं परत यावं तसं परत यायचं."

गेल्या चैत्रात दुकानात रुपा आली. आमच्या रस्त्यालाच खाली ठाकरवाडी हाय, तिथल्या गोमादादाची एकुलती एक पोर. वाशिंदला कंपनीत पॅकिंगला जाते. वैशाखात लग्न ठरलेलं. बोलली, "काका, आईचा फोटो पाहिजे."

त्यांच्या वाडीत हळदीच्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना पहिलं बोलावणं असतं. आधी पानावर एकेकाच्या नावाचा तांदळाचा पुंजका मांडायचे. आता सगळे फोटोच मांडतात. रुपाची आई, जिवली, पोर दीड वर्षाची असताना गेली. तिचा फोटो कुठंच नाय. कार्ड नाय, कागद नाय.

"पुंजका मांडू ना गो," मी बोलली. "त्यात काय कमी हाय?"

"मी तिला बघितलीच नाय, काकी. लग्न होऊन जायच्या आधी एकदा तरी बघायचीय." एवढं बोलली आणि काचेच्या कपाटाकडं बघत बसली. माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू.

बापाला विचार, असं मी बोलणार होती, पण बापाची गोष्ट सगळ्या किन्हवलीला ठाऊक. तेव्हा वाडी वर डोंगराच्या कुशीत होती. गोमादादा वीटभट्टीवर गेलेला आणि मागं वाडीत तापाची साथ आली. पंधरा दिवसांत पाच माणसं गेली, त्यात जिवली. भट्टीवर निरोप पोचला तोवर सगळं आटपलेलं. दादाला तोंड बघायला मिळालं नाय. मग वाडी खाली रस्त्याला आली. बाकीच्यांनी वरच्या घरांचे वासे, कौलं काढून आणली. दादानं आपल्या घराचं एक कौल हलवलं नाय, आणि बायकोचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाय. पोरीनं आईचं विचारलं की उठून बाहेर जायचा. बावीस वर्षं.

ह्यांनी डोकं खाजवलं. बोलले, "सगळे बोलतात रुपा आईचंच रूप हाय. मग रुपालाच बसवू. आईसारखं लुगडं, मोठं कुंकू, काळापांढरा फोटो. झाली आई."

 ही युक्ती ह्यांनी मागं एकदा केलेली, मेलेल्या बापाच्या जागी मुलाला बसवून. पण तो मुलगा साठीचा होता! इथं लग्नाला निघालेली पोर. तिच्याच फोटोला हार घालायचा, तिनंच त्याच्या पाया पडायचं? मी बोलली, "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"पोरीला आई बघायचीय. तू मधे पडू नको."

आणि रुपा काय बोलावी? "काका, तिच्याच घराच्या दारात काढा." झालं. पडक्या घरात जितं माणूस. आपलाच नियम ह्यांनी माझ्या डोळ्यांसमोर मोडला, एका मिनिटात.

रविवारी सकाळी आमी तिघं निघालो. लुगडं नेसवायला कोणीतरी बाई पाहिजे, म्हणून मी. मोटारसायकल पायथ्याला ठेवून तासभर चढलो. चैत्रातला साग, एक पान झाडावर नाय, सगळी खाली. पायाखाली नुसता कर्रर कर्रर आवाज. आमी तिघं चालतोय आणि आवाज चौघांचा येतोय असं मला दोनदा वाटलं. दोनदा मागं बघितलं. मग ठरवलं, देवकी, आता बघायचं नाय.

वरची वाडी म्हणजे काय, जोती उरलेली. कुठं छपराची एखादी मेढ, नुसता खांब, कुठं फुटकं जातं. प्रत्येक जोत्यावर घोटाभर पानं साचलेली. जिवलीचं घर तेवढं उभं. छप्पर मधून खचलेलं, कुडाच्या भिंतीचा लेप गळून आतल्या कारवीच्या काठ्या दिसत होत्या. पण दाराची चौकट सरळ.

आणि दारापुढचं अंगण साफ. एक पान नाय. सगळ्या डोंगरावर पानांचा खच आणि एवढं हातभर अंगण सकाळी झाडल्यासारखं.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पण अंगण बघितलं होतं. रुपाच बोलली, "इथं कोण येतं झाडायला?"

"वारा येतो," हे बोलले. वारा तर कुठंच नव्हता.

मग उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि हाक दिली. "घरात कोण हाय का?" थांबलो. आतून काय आवाज आला नाय, पण बाहेरचे होते ते पण बंद पडले. इतका वेळ कुठं तरी सुतार पक्षी टकटक करत होता, तो गप्प. आत काळोख. छप्पर फाटलेलं, वरून ऊन आत यायला पाहिजे होतं. ते कुठं जात होतं मला समजलं नाय. ह्यांनी रिकाम्या दाराचा एक फोटो काढला आणि रुपाला बोलले, "चल."

मी झाडाआड तिला तिच्याच आत्याचं जुनं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं, पदर डोक्यावर दिला. तिचे कपडे पिशवीत भरून मी आंब्याखाली जाऊन बसली. दारापासून पंधरा पावलं तरी असेल. रुपा उंबऱ्यावर उभी राहिली, पाठ घराकडं. ह्यांनी एक काढला, दोन काढले. तेवढ्यात रुपा समोर बघत हळूच बोलली,

"काकी, पदर ओढू नका ना."

माझे हात मांडीवर, पिशवीला धरलेले.  ह्यांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला, माझ्याकडं बघितलं, तिच्या मागं बघितलं. पुन्हा डोळा लावला आणि धडाधड पाच फोटो काढले. बोलले, "झालं. रुपा, सरळ माझ्याकडं चालत ये. मागं वळू नको, बाय."

पायथ्याशी उतरल्यावर रुपानं आपले कपडे घातले. लुगडं घडी करताना बघते तर पदराच्या टोकाला शेणमातीचा डाग, तीन बोटांचा. ओला. बावीस वर्षं त्या घराला कोणी सारवलं नव्हतं. मी घडी उलटी केली, डाग आत घातला आणि रुपाला बोलली, "ऊन चढतंय हां, पाय उचल." 

फोटो फ्रेम करायच्या आधी बापानं बघावा, असं रुपाचं म्हणणं. बाप 'हो, हीच' बोलला की मग ती आई. तोपर्यंत नाय. म्हणून हळदीच्या चार दिवस आधी ती त्याला दुकानात घेऊन आली. गोमादादा दारात चपला काढून आत आला, स्टुलावर टेकला. ह्यांनी कॉम्प्युटरवर पहिला फोटो लावला. काय सांगू, फोटो सुरेख आलेला. पन्नास वर्षांपूर्वीची बाई वाटावी.

दादा बोलला, "ही रुपा."

दुसरा लावला. "ही रुपा." तिसरा. "रुपाच." सात फोटो संपले तेव्हा दादा उभा राहिला होता. एवढा गरीब माणूस, पण आवाज चढला. "जित्या पोरीला हार घालता? एक गेली ती पुरे नाय झाली?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. बघितलंत, मी काय बोलत होती! पण तोंड उघडलं नाय, कारण रुपा रडायला लागली. रडत नाय, ओरडत होती. "मग तू दाखव ना! तूच बघितलीयस ना तिला! माझ्याशी कधी एक शब्द बोललास तिचा? मी कोणाला विचारू?"

ह्यांना रडणं सोसत नाय. गडबडीत फोटो बंद करायला गेले आणि भलतंच बटण दाबलं. पडद्यावर आधीचा फोटो आला, रिकाम्या दाराचा.

दादा दाराकडं निघालेला, तो थांबला. परत आला. स्टूल ओढून अगदी पडद्याजवळ बसला.  मग दोन्ही हात सदऱ्याला पुसले.

"ही," बोलला. "ही कधी काढलीस?"

आमी तिघांनी वाकून बघितलं. चौकट, उंबरा, आत काळोख. बस्स. हे बोलायला लागले, "दादा, दार रिकामं..." मी टेबलाखाली ह्यांच्या पायावर पाय दिला, असा दिला की कळवळले.

दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो बोलत होता. "मी भट्टीवर निघालो तेव्हा अशीच उभी होती. चौकटीला हात लावून. बोलली, शिमग्याला या. मी मान हलवली, मागं वळलो नाय." रुपा त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हे कपाळ. इथं गोंदण, तीन ठिपके. नाक तुझ्यासारखं नाय गो, बसकं होतं. लोक काय पण बोलतात. तू माझ्या आईवर गेलीस. जिवली ठेंगणी, तुझ्या खांद्याला लागली असती."

मी उठून चहा सांगायला गेली. दुसरं काय करणार?

तो गेल्यावर ह्यांनी दुपारभर दुकान बंद ठेवून तो फोटो मोठा केला, उजळ केला, उलटा-सुलटा करून बघितला. काय नव्हतं. बोलले, "देवकी, माझ्या हाकेला ओ आलीवती का गं? मला ऐकू आली नसेल?" मी बोलली, "मला काय विचारता, तुमचे नियम तुमी जाणे." पण ह्यांचा चेहरा बघून मग जवळ जाऊन बसली.

त्या दाराचाच फोटो फ्रेम झाला. हळदीच्या दिवशी पाटावर मांडला, हार घातला, पुढं तांदळाचा पुंजका पण. आमी दोघं गेलेलो. वाडीतल्या म्हाताऱ्या एकेक पुढं आल्या. मला वाटलं, आता हसतील, दाराला कोण हार घालतं? पहिलीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि बोलली, "बाय बाय, जिवलीच की!" दुसरी बोलली, "पदर डोक्यावर घेतलाय बघ." तिसरी शेवटी आली, जरा लांबच राहत असेल, आधीच्यांचं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. ती वाकली आणि बोलली, "चौकटीला हात लावून काय उभी राहिलीस गो, आत ये की."

 मी पुन्हा बघितलं. हे पण बघत होते, चष्मा काढून, चष्मा लावून.

बाजूला गोमादादा प्रत्येकाला धरून आणून दाखवत होता. हे कपाळ, इथं गोंदण, हसली की इथं खळी पडायची. नवरीच्या कपड्यांतली रुपा माझ्याजवळ सरकली. कानाशी लागून बोलली, "काकी, खरं सांगा. तुमाला दिसते?"

मला खोटं जमत नाय. "नाय गो, बाय," मी बोलली.

"मला पण नाय," रुपा बोलली. "पण बाबाला सांगू नका. तो बोलायचा थांबेल."

आणि ती पुढं झाली, बापाच्या शेजारी पाटापुढं बसली आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, आणि कान? कानात काय घालायची ती?"