काका-काकूंचं एकमत

"पोरी, तुझ्या अ‍ॅपनं कमाल केली गं!" पोह्यांवर शेव टाकता टाकता काकू म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांचं नि माझं मत एक आलं."

काका पेपरामागे हसत होते. चक्क लाजत होते म्हणा ना. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा, असा आमचा धंदा. तेव्हा हातात मतदारांना सल्ला देणारं अ‍ॅप होतं. इंदूरच्या नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, निवडणूक तोंडावर आलेली. वॉर्डातल्या प्रश्नांना तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं, नाहीतर प्रश्न सोडून द्यायचा. उमेदवारांनी त्याच प्रश्नांना आधी उत्तरं दिलेली. ज्याची उत्तरं तुमच्याशी जास्त जुळतील, त्याचं नाव वर.

ट्रायलला मी ते काका-काकूंना दिलं होतं. मल्हारगंजच्या ह्याच घरात त्यांनी मला वाढवलं आणि ह्याच घरात त्यांची भांडणं ऐकत मी मोठी झाले. काकांना स्कूटर दारातच लावायची असते, काकूला गल्ली मोकळी हवी. ह्या दोघांना एकच उमेदवार? शक्यच नाही!

दोघांना विचारून ऑफिसात त्यांची उत्तरं उघडली. काकांनी 'दारात गाड्या लावू द्याव्यात' याला हो म्हटलेलं आणि 'गल्ली मोकळी करावी' हा प्रश्न सोडलेला. काकूचं नेमकं उलटं. 'नाही' कुणीच दाबलं नव्हतं. आमच्या इंदूरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही हो, नको ते तो गपचूप सोडून देतो. बाकी ट्रायलवाल्यांनीही तेच केलेलं. आणि सोडलेला प्रश्न आमचं अ‍ॅप मोजतच नव्हतं. उरले नुसते हो. एका उमेदवारानं गाड्यांनाही हो म्हटलेलं, मोकळ्या गल्लीलाही हो. मग काय, ज्याच्या त्याच्या यादीत वर तोच!

बॉस कैलासजींना दाखवलं.

"मॅडम, कल लाइव्ह है. उस आदमी को हटा दो, बात खतम."

"तो निवडणुकीला उभा आहे, सर. आपण कोण हटवणारे? मग सल्ला कसला, आपणच मत दिलं की!"

"तो ऐसे ही जाने दो. लोग टाइमपास के लिए देखते हैं."

माझं डोकं फिरलं. "माझी काकू टाइमपास करत नाहीये. ती हे बघून मत देणार आहे."

कैलासजींनी क्लायंटला फोन लावला, "भिया, थोडा टाइम और लगेगा." बिचाऱ्यांनी भरपूर ऐकून घेतलं, पण मला एक शब्द बोलले नाहीत. उलट कचोरी मागवली.

आम्ही प्रश्नांच्या जोड्या केल्या. दारात गाडी की मोकळी गल्ली? एकच निवडा. उमेदवारांना पुन्हा फोन गेले. सगळ्याला हो म्हणणाऱ्या त्या उमेदवार भाईसाहेबांनी कैलासजींना सांगितलं, "अरे भिया, दोनों हो जाएगा! टेंशन मत लो." तेच शब्द आम्ही त्यांच्या नावापुढे छापले. जुळणीत धरले नाहीत.

आता काकूला सांगणं आलं. नव्या ट्रायलमध्ये दोघांच्या यादीत वेगवेगळे उमेदवार वर आले.

"म्हणजे आमचं पटलंच नव्हतं?" तिचा चेहरा एवढासा झाला.

"नाही गं. अ‍ॅपनं तुमचे नुसते हो मोजले."

"तरीच! मला वाटलं, माझंच काही बिघडलं की काय." ती हसली खरी, पण भाजी ढवळतच राहिली. मला तिची फार माया आली.

काकांना सांगायला बाहेर आले, तर दारात स्कूटरच नाही!

"मागच्या बोळात लावतोय हल्ली," काका हळूच म्हणाले. "म्हटलं, एवढं मत जुळलंय आपलं, तर..."

मी सगळं सांगितलं. काकांनी पेपराची घडी घातली.

"असू दे आता तिथेच," ते म्हणाले. "पण तिच्यासाठी लावतोय म्हणून तिला सांगू नकोस हो, डोक्यावर बसेल."

मतदानाला दोघं त्याच स्कूटरवर गेले. मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही.

सगळ्याला हो म्हणणारा भेटला, की मी आता एकच विचारते, दोन्हीतलं कुठलं? भाईसाहेबांना ते अजून सांगता आलेलं नाही. काकांनी स्कूटर हलवून सांगितलं.