उंटीणमावशीचं पाणी

छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला लागले त्या दिवशी मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "पाणी किती पितेस गं?"

मला वाटलं, बाई वेडी आहे. लोक नाव विचारतात, लग्न झालंय का विचारतात, फारच झालं तर मुलं किती ते विचारतात. पाणी किती पितेस, हे काय विचारणं झालं? मी म्हटलं, "तहान लागेल तेवढं." त्यावर घड्या घालणाऱ्या ओळीतल्या सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. विचारणारी मात्र हसली नाही. "ते बंद कर," असं म्हणून तिने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

ती उंटीणमावशी. हे नाव तिला कुणी ठेवलं कोण जाणे, पण तिला ते आवडायचं. उंटासारखी पाण्यावाचून दिवस काढायची. सकाळी येऊन बसली की सुट्टी होईपर्यंत घसा ओला करायची नाही. तोंड अगदीच सुकलं तर एक चूळ भरायची आणि खिडकीतून बाहेर टाकायची. वर आम्हाला ऐकवायची, "शरीराला लावाल ती सवय लागते. माझ्याकडे बघा."

आम्ही बघायचो. दुसरं बघण्यासारखं तिथे होतं तरी काय! पुढच्या दालनात छपाईची मशिनं आणि पुरुष. मागच्या दालनात आम्ही. मशिनवरून छापील कागद यायचे, त्यांना घड्या घालायच्या, घडीवर लाकडी पट्टी ओढून ती बसवायची, पानं क्रमाने लावायची, टाचायची. पुरुषांचं काम उभ्याने, आमचं बसून. एवढ्यावरून त्यांच्या कामाला काम म्हणत आणि आमच्या कामाला बसणं. बाहेरचं कुणी आलं की मालक हात करून सांगायचे, "तिकडे मशिनं चालतात, आणि इकडे मागे बायका बसतात." संध्याकाळी घरी गेलं की नवराही तेच म्हणायचा, दिवसभर बसूनच तर होतीस.

आता पाण्याचं सांगते. पुरुषांचं स्वच्छतागृह त्यांच्या दालनातच होतं, कोपऱ्यात. त्याला कडीसुद्धा नव्हती, कुलपाचं तर नावच नको. मनात आलं की जायचे, विडी ओढून यायचे. बायकांचं होतं अंगणाच्या पलीकडे, आणि त्याला कायमचं कुलूप. का, तर बाहेरचे लोक शिरून घाण करतात. पुरुषांचं घाण होत नव्हतं का? ते मुळातच घाण होतं, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला.

कुलपाची किल्ली स्टोअरकीपरच्या टेबलावर. हे टेबल पुढच्या दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला. किल्ली हरवू नये म्हणून तिला लाकडाचा हातभर लांब ठोकळा बांधलेला. म्हणजे जिला जायचंय तिने सगळ्या मशिनांमधून वाट काढत जायचं, "भाऊ, किल्ली" म्हणायचं, मग भाऊ आधी घड्याळाकडे बघणार, मग आपल्याकडे बघणार. "आत्ताच तर कुणीतरी नेली होती ना?" असं विचारणार. त्यानंतर तो ठोकळा मिरवत पुन्हा सगळ्या पुरुषांसमोरून परत यायचं. पाळीच्या दिवसांत तर ही दवंडीच असायची.

स्टोअरकीपर वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. कधी कुणाच्या वाटेला गेला नाही. आम्ही त्याला किल्लेदार म्हणायचो, तर तोही हसायचा. वाईट असता तर बरं झालं असतं, कडकडून भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

मग आम्ही बायकांनी बायकांसारखाच तोडगा काढला. कुलूप निघेना, म्हणून तहान काढून टाकली. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, तोही दोन घोटांत. डब्यात खारट, तिखट काही नाही. दुपारी डबा खाल्ल्यावर एकच जण किल्ली आणणार, मग सगळ्याजणी एकामागून एक उरकून घेणार. ही सगळी शिस्त मावशीने लावली होती. नवी मुलगी आली की घडी कशी घालायची ते तिला कुणीही दाखवायचं, पण तहान कशी मारायची ते मावशीच शिकवायची. ती स्वतः दुपारीसुद्धा उठायची नाही. तिथेच बसल्या बसल्या डबा संपवायची आणि हात पुसून पुढची घडी घ्यायची. मला राग यायचा. राग कुणाचा ते मात्र नीट कळायचं नाही.

एकदा तिच्या घरी गेले होते. दोन खोल्या, त्यात नवरा, मुलगा, सून. नवऱ्याने गुडघ्याचं निमित्त करून काम सोडलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलाचं कुठेच बूड टेकत नव्हतं. घर मावशीवरच चालायचं. ती कामावरून आली, पिशवी खाली ठेवली आणि मोरीपाशी उभी राहून गटागटा पाणी प्यायली. तांब्यावर तांब्या. प्यायल्यावर भिंतीला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली. आतून नवऱ्याचा आवाज आला, "आलीस का? चहा टाक." ती म्हणाली, "टाकते." आणि टाकला.

दुखणं कधी सुरू झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. कमरेत कळ आली की पट्टी खाली ठेवायची, डोळे मिटायची, पुन्हा पट्टी उचलायची. मी विचारलं तर म्हणाली, "बायकांचं काहीतरी दुखतंच." मग एके दिवशी ती घड्या घालता घालता थंडीने कुडकुडायला लागली. बाहेर चांगलं रणरणतं ऊन होतं. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते मीच.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तपासण्या झाल्या, खडे निघाले, जंतूंचा संसर्ग निघाला. तिने मावशीला विचारलं, "दिवसभर पाणी पीत नाही का तुम्ही?" मावशीने जरा अभिमानानेच सांगितलं, "अजिबात नाही." डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. मग तिने समजावलं. तासातासाला पेलाभर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं, अडवून धरायचं नाही. हे जमलं तर मूत्रपिंडं वाचतील, नाही तर एकेक करून जातील.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "तासातासाला म्हणजे किती वेळा किल्ली मागायची गं?"

मूत्रपिंडांचं तिला काही वाटलं नाही. किल्लीचं वाटलं.

नोकरी सोडणं तिला शक्य नव्हतं, घराचा गाडा ओढणारी ती एकटी. नोकरी राहायची आणि जीवही राहायचा, तर किल्ली आमच्या दालनात यायला हवी होती. एवढंच. भिंतीला एक खिळा आणि त्याला किल्ली. मी चौघीजणींना तयार केलं, मावशीला पुढे घातलं आणि आम्ही मालकांकडे गेलो.

मालकांनी आम्हाला बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पण तुम्हाला नाही कोण म्हणतंय? मागा की किल्ली! मागितली आणि दिली नाही, असं कधी झालंय का?"

झालं नव्हतं. ते खरंच होतं.

"किल्ली मागे ठेवली की जबाबदारी कुणाची? साबण जातो, नळ चालू राहतो. भाऊ आहेत, व्यवस्थित सांभाळतात." मग हसून मावशीकडे वळले. "आणि मावशी, तुम्हीसुद्धा? तुमची तर कधी तक्रार नसते."

मी मावशीला कोपराने डिवचलं. डॉक्टरीणबाईचं सांग, खड्यांचं सांग, एवढ्यासाठीच तर आलो होतो. मावशीने जमिनीकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं काही नाही साहेब. ह्या पोरींचं आहे."

जिन्यावर मी तिला वाट्टेल तशी बोलले. मोठी आहे, आजारी आहे, काही पाहिलं नाही. "अगं बये, मरशील ना!" ती म्हणाली, "परक्या पुरुषासमोर लघवीचं कसं बोलायचं?" मीसुद्धा तिथे शिष्टासारखं 'गैरसोय' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने किल्ली मागून बघितली. पाण्याची बाटली आणली, प्यायली आणि निघाली पुढच्या दालनात. पहिल्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वेळी किल्लेदार म्हणाला, "अरे वा मावशी, आज तुम्हीसुद्धा?" तिसऱ्या वेळी मशिनवरचा कुणी तरी ओरडला, "उंटीण पाझरायला लागली रे!" आणि अख्खं दालन हसलं. त्यात आमच्या ओळीतल्याही दोघीतिघी हसल्या. त्या नावाने आम्हीही हाक मारायचो, आता कुणाला बोलणार? मावशी पण हसली. त्यानंतर बाटली रोज भरून यायची आणि भरलेलीच घरी जायची.

मी डोकं चालवलं. दुपारी किल्ली हातात असताना बाजारात जाऊन तशीच दुसरी करून आणली. मावशीला दिली, म्हटलं, आता मागच्या दाराने अंगणात जा, कुणाच्या बापाला कळणार नाही. आठवडाभर छान चाललं. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, दुपारी सगळ्यांबरोबर गप्पा मारायला लागली. मला वाटलं, जिंकलो. मग किल्लेदाराला एकदा कुलूप उघडं दिसलं आणि किल्ली तर टेबलावर. बिचारा घाबरला, त्याच्या हाताखालून चोरी झाली असं त्याला वाटलं. त्याने मालकांना सांगितलं, मालकांनी कुलूप बदललं. विचारपूस झाली तेव्हा दुसरी किल्ली मी केली हे मीच सांगून टाकलं, आणि त्यांनी मला बोलावून समज दिली. "तुम्ही सुशिक्षित दिसता. असं लपूनछपून का? सरळ मागायची!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मावशी मला म्हणाली, "जाऊ दे गं. आता थोडेच दिवस राहिलेत माझे निवृत्तीला."

तेवढे दिवसही निघाले नाहीत. ती दोनदा दवाखान्यात राहून आली. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईने सांगितलं की एक मूत्रपिंड गेलं, दुसऱ्याचा भरवसा नाही, बसून करायचं काम आता बंद. घरी कुणी विचारलं नाही की हे झालं कसं. नवरा म्हणाला, वय झालं. मुलगा म्हणाला, नशीब. सुनेला एका दुकानात काम बघून दिलं, म्हणजे गाडा चालू राहिला, फक्त बैल बदलला. सून पहिल्या दिवशी निघाली तेव्हा मावशीने तिला काय विचारलं असेल, याचा विचार मी करत नाही.

मालकांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. पुढच्या दालनातली मशिनं बंद केली, खुर्च्या मांडल्या. इतक्या वर्षांत बायका त्या दालनात पहिल्यांदाच निवांत बसल्या. मावशी मध्यभागी, अंगाने अर्धी झालेली, पायांवर सूज. तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मालक उभे राहिले आणि खरं सांगते, मनापासून बोलले.

"अशी कामगार पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "सकाळी जागेवर बसल्या की सुट्टीलाच उठायच्या. आजकालच्या मुली बघा, दर तासाला काही ना काही कारण. मावशी इतक्या वर्षांत एकदाही जागच्या हलल्या नाहीत. हिला म्हणतात निष्ठा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरुषांनी वाजवल्या, बायकांनी वाजवल्या, किल्लेदाराने तर उभं राहून वाजवल्या. माझेही हात आपोआप वर आले, मग मी ते मांडीखाली दाबून धरले. माझ्या शेजारी एक नवी मुलगी होती, नुकतीच लागलेली. तीही डोळे विस्फारून टाळ्या वाजवत होती.

मालक म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला."

ती नको नको म्हणाली. आग्रह झाला. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठली. घड्याळ तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. आभार मानेल, डोळे पुसेल आणि बसेल, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. तिच्या आवाजात राग नव्हता. दमलेलं माणूस दार उघडायला येणाऱ्याशी बोलतं तशी ती बोलली.

"उठायचं होतं साहेब मला," ती म्हणाली. "रोज उठायचं होतं."