तुर्कस्तानची रसायनशास्त्रज्ञ आमच्या गच्चीवर

दोन वर्षं मी एका तुर्की स्त्रीच्या सहवासात काढली. ती केव्हाच निवर्तलेली. आमची भेट कागदावरची. तिच्या देशात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा गाठणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. तिचं छोटं चरित्र मी मराठीत लिहीत होते, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिलादिनाला त्यावर अर्धा तास बोलणार होते. कवितेच्या शाळेत वाढलेल्या मला आम्लाचा झणका आणि तापल्या काचेची ऊब पहिल्यांदा जाणवली ती तिच्यामुळे.

तीन दिवस आधी सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठलं.

“मॅडम, तुमचा आयटम काढलाय. सध्या वातावरण बघताय ना? सगळीकडे बहिष्कार चाललाय, तुर्कस्तान नको. आपल्याकडच्या बायका संपल्या का?”

“संपल्या कुठे? गेल्या वर्षी त्यांच्यावर तुम्हीच बोललात. पाऊण तास.”

ते हसले नाहीत. “कमिटीचा निर्णय आहे,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. अख्ख्या इमारतीच्या उडदाच्या पापडांवर हुकमत त्यांची. लिफ्टचं दार लागताच त्या म्हणाल्या, “हॉल तेंचो, गच्ची सगळ्यांची. उद्या पापड आसत. लाटूक ये, नि काय ता सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आम्ही आठजणी होतो. हिंग आणि मिऱ्यांचा दरवळ उन्हात चढत होता. तेलाचा हात लावून कुटलेलं पीठ रेशमासारखं चकाकत होतं, आणि काकू दोऱ्याने त्याच्या लाट्या कापत होत्या. पोळपाटांच्या लयीत मी सांगू लागले. समुद्राकाठचं तिचं गाव. ती वाचायला शिकली आणि देशाने लिपीच बदलली, म्हणून तिला अक्षरं पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागली. पुढे विद्यापीठातल्या प्राध्यापकाने सांगितलं, मुलींनी प्रयोग दारातून पाहावेत. ती वर्षभर दारात उभी राहिली.

“वर्षभर?” एकीचं लाटणं थांबलं. “मी असते तर दारच उखडलं असतं.”

“तू आधी तो पापड गोल कर,” दुसरी म्हणाली.

एवढ्यात काकू ओरडल्या, “गो बाय माझे! हळदीचो हात पिठाक लावलंस?”

मी खाली पाहिलं. घरून माशाला हळद-मीठ चोळून तशीच वर आले होते. हात धुतले होते, पण नखांत हळद उरलेली. माझ्या लाटीवर लालभडक बोटं उमटली होती.

“पापडखार असा त्यात, तेनी हळद तांबडी होता! इतकी शिकलंस, नि ह्या तुका ठावक नाय?”

मला ते ठाऊक नव्हतं, आणि ती लाज अजून विसरलेले नाही. पण तो लाल रंग पाहताना माझ्या बाईचं काम मला पहिल्यांदाच नीट कळलं. गालिचे विणणाऱ्या बायका मुळं उकळायच्या, राख घालायच्या, तिच्या खाराने रंग पालटायचा. का पालटतो हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. दारातून आत शिरल्यावर तिने तेच हाती घेतलं. त्यासाठी परदेशी गेली, परक्या भाषेत शिकली, आणि परत येऊन आपल्या भाषेत रसायनशास्त्राची पुस्तकं लिहिली. प्रस्तावनेत तिने आधी त्या विणकर बायकांचे आभार मानले. हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी माझी लाल लाटी उचलली, उन्हाकडे धरून निरखली आणि निराळी ठेवली.

“तिका आत घेतल्यानी कसा पण?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच जिन्याच्या दारात सेक्रेटरी दिसले. वाळत घातलेल्या पापडांमुळे पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून ते तिथूनच बोलले. आवाज नरम होता.

“मॅडम, मी कमिटीशी बोललो. रविवारी हॉलमध्ये तुम्हाला अर्धा तास देतो. फक्त परदेशी शास्त्रज्ञ म्हणा. देशाचं नाव घेऊ नका.”

हॉलमध्ये माईक होता, दोनशे खुर्च्या होत्या. मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण ज्या देशाने तिची लिपी बदलली, ज्याच्या भाषेसाठी तिने पुस्तकं लिहिली, तो देश गाळून मी तिचं उरवणार तरी काय होते?

“नको,” मी म्हटलं. “तिचा देश काढायचा असेल तर मीही येणार नाही.”

“एका शब्दाचा प्रश्न आहे हो.”

“म्हणूनच.”

काकूंनी त्यांच्याकडे न पाहता दोरा पिठातून ओढला. “ऐकूचा आसात तर बसा. नायतर उन्हात येव नका, पापडार सावली पडता.”

ते बसले नाहीत, जिना उतरू लागले. मी तुर्कस्तान हा शब्द मुद्दाम मोठ्याने उच्चारला, खाली चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, आणि तिला आत कसं घेतलं ते सांगायला लागले.