मायक्रोवेव्हमधला जळका पाव

"मावशी, मशीन वापरता येत नसेल तर हात लावू नका!" संघटनेच्या कचेरीत अध्यक्ष साफसफाई करणाऱ्या शांतामावशींवर ओरडले. पाव मी जाळला होता. मी समोरच बसले होते, गप्प.

मावशींनी वाटीभर पाण्यात लिंबू पिळून ते मायक्रोवेव्हमध्ये उकळलं. वाफेनं डाग सैल झाले. त्या फडक्यानं पुसत राहिल्या, वास हळूहळू ओसरला. अन्याय बघून गप्प बसणारे गुन्हेगार, असं पत्रकांत मी छापते. गप्प बसणं इतकं सोपं असतं, हे मात्र मला माहीतच नव्हतं.

"मावशी, पाव मी जाळला."

"ठाऊक आहे की. मला काय सांगता ताई? त्यांना सांगा."

शेजारच्या खोलीत अध्यक्ष फोनवर होते. त्यांचं बोलणं लवकर संपू नये, असंच मला वाटत राहिलं.