फुफाट्यातलं वांगं

भाजलेल्या वांग्याचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. चाळीसगावजवळच्या आमच्या शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या पऱ्हाट्या तडतडत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते आणि वडील जाळावर वांगी उलटत बसले होते. जळगावची नोकरी सोडून मी धुळ्याला गेले होते आणि तिथला साहेब पहिल्यापेक्षा वाईट निघाला होता. राजीनामा देऊन घरी यायचं, हे महिनाभर मनात घोळत होतं. धीर करून म्हटलं, "आबा, मी आगीतून फुफाट्यात पडले." पुढचं त्यांनी बोलूच दिलं नाही. "फुफाटा म्हंजे काय, माहीत शे का तुले?" म्हणत त्यांनी काळी पडलेली वांगी जाळातून ओढली आणि गरम राखेत पुरली. "आगमा नुसतं साल जयस. वांगं शिजस ते फुफाटामाच." मग ही म्हण कुठून आली, यावर तासभर ऐकावं लागलं. वर भरीत लोण्यासारखं झालं, हा आणखी वैताग. सोमवारी मी मुकाट्याने धुळ्याची बस पकडली. त्याच साहेबाच्या हाताखाली अजून राबते आहे, आणि फुफाट्यात शिजायला किती वेळ लागतो, ते काही आबांनी सांगितलं नाही.